खवले

अदुवो दुकानात येते तेव्हा
तिच्या आधी तिच्या हातांचा वास येतो,
तिलापिया, सरोवर, कालचं तेल.
लेसोच्या टोकाने पुसून ती फोन पुढे करते.
"ओचोला, हा म्हणतो, मी अद्ययावत आहे.
पैशांचं ॲप म्हणतं, तू जुना झालास,
एक तारखेपासून बंद.
एका डबीत राहतात दोघं,
एक तरी खोटं बोलतंय."

बघतो. शेवटचा सुरक्षा पॅच
एकवीस महिन्यांपूर्वीचा.
वर हिरवी खूण, बरोबरची, ठळक.

घोडं कुठे पेंड खातंय, हे हिला कसं सांगू?
सांगतो तरी:
मूळ प्रणाली केव्हाच तयार झाली,
पण ती सरळ तुझ्या हातात येत नाही.
कंपनी तिला आधी आपलं कातडं घालते.
गोलसर चिन्हं,
कडेने सरकणारा पट्टा, जो तू कधी उघडला नाहीस,
चेहरा उजळणारा कॅमेरा
("तो दुसऱ्याच कुणा बाईचा फोटो काढतो," अदुवो म्हणते)
मग सिमवाल्याचा शिक्का,
मग त्रेपन्न मॉडेलांची रांग,
रांगेत पुढे महागडे.

"म्हणजे खवले," ती म्हणते.
खवले माशाला वाचवतात ग, हे तर—
"माशाला वाचवतात. मला नाही.
मला ते रोज खरवडावे लागतात."

रात्री शटर ओढताना कधी कधी
मला शेनझेनमधली एक मुलगी दिसते.
मी तिला पाहिलेलं नाही. नावही मीच ठेवलंय, वेनलान.
घड्याळ डावीकडून उजवीकडे न्यायचं
एवढंच काम तिच्याकडे.
नवी प्रणाली आली की घड्याळ घसरतं,
कॅमेऱ्याच्या भोकाखाली जाऊन बसतं.
ती उचलून ठेवते.
साहेब म्हणतो, अजून तीन पिक्सेल वर.
यादीच्या तळाशी अदुवोचा फोन,
त्यापुढे प्रदेश: आफ्रिका,
साऱ्या खंडाला मिळून एक चौकट.
त्या ओळीपर्यंत पोचायच्या आत
तिची शेवटची बस निघते.
तिच्यावर रागवावं म्हणतो. जमत नाही.

गुरुवारी आला. अठ्ठावीस तारखेला.
जागा हवी चार जीबी, शिल्लक सहाशे एमबी.
फळं कापायचा खेळ: काढता येणार नाही.
शेअरबाजार: काढता येणार नाही.
दुसरा ब्राउझर, थीमचं दुकान,
कुणीच जागचं हलेना.
जावई तरी एवढं ठाण मांडत नाहीत.
काढता येत होतं ते फक्त तिचं स्वतःचं.
ओगुतूचे व्हिडिओ, बोटीवरून पाठवलेले, चौतीस,
बहुतेकांत नुसता वारा, इंजिन, स्वतःचाच अंगठा,
आणि मधेच, "आज काय भाव?"
बोट परत आली होती.

मी ड्रॉवरमधून कार्ड काढलं.
म्हणालो, सगळे यात घेतो, एकही जाणार नाही.
ती म्हणाली, "आधी बघू दे."
स्टुलावर बसली. माझी दोन गिऱ्हाइकं परत गेली.
शेजारच्या वेल्डिंगवाल्याने ठिणग्या थांबवल्या,
का कोण जाणे,
जेवायची वेळ झाली असेल.
सगळे बघितले तिने. अंगठ्याचासुद्धा.

मग पट्टी सरकत राहिली, अकरा टक्के, बारा,
फोनवरचा हात तिने काढला नाही.
तापलाय, म्हणालो.
"असू दे."

संध्याकाळी तो उठला.
कंपनीचं नाव, नवा निळा डोंगर.
पैशांचं ॲप उघडलं,
तिथल्या तिथे तिने माझे दीडशे शिलिंग पाठवले.
पॅचची तारीख मी चोरून पाहिली:
नऊ महिन्यांपूर्वीची.
बोललो नाही.

लेसोच्या टोकात कार्डाची गाठ मारताना
ती पडद्याकडे बघत होती.
"घड्याळ हललं रे."
हो. उजवीकडे.
"एवढ्यासाठी?"